परळची वारी : विमा नसताना मुंबईत उपचार

गावाकडून रात्री निघालेल्या गाड्या सकाळी दादरला पोचतात. तिथून मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडली की पुढचंच स्टेशन परळ. पूर्वेला बाहेर पडलं की केईएम, मुलांचं वाडिया आणि कॅन्सरचं टाटा मेमोरियल, तिन्ही रुग्णालयं जवळ. अंतर चालण्याजोगं आहे, पण रुग्णाला चालवू नका, टॅक्सी करा. जे.जे.ला जायचं तर भायखळा, नायरला मुंबई सेंट्रल.

निघण्याआधी एक चौकशी मात्र कराच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाची ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं मोफत आहेत. साध्या तपासण्या तिथेच उरकून त्यांचे रिपोर्ट घेऊन आलात, तर मुंबईतल्या दोन-तीन खेपा वाचतात. पिशवीत मूळ रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा चालू दाखला, जुने केस पेपर आणि एक्स-रे, सीटीच्या फिल्म असू द्या. सगळ्यात जास्त लोक अडतात ते नावावर. रेशनकार्डावर ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’, किंवा कार्डात सुनेचं नावच चढवलेलं नाही. हे मुंबईत दुरुस्त होत नाही, तालुक्याच्या पुरवठा शाखेतच होतं.

ओपीडी सकाळची. आठच्या आत केस पेपरच्या रांगेत असावं, सुटे पैसे जवळ ठेवावेत. मोबाइलवर आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र, काढलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं. केस पेपर हातात आला की त्यावरचा युनिट नंबर आधी पाहा. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा मोठ्या विभागांत अनेक युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येकाचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. एकदा ज्या युनिटचा कागद निघाला, पुढे सगळं त्याच युनिटकडे. भलत्या वारी गेलात तर परत पाठवतात आणि बाहेरगावच्या माणसाची अख्खी खेप वाया जाते. वार केस पेपरवरच ठळक लिहून घ्या. अपघात, छातीत कळ, लकवा असेल तर ओपीडीकडे वळायचंच नाही, थेट कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग. ती चोवीस तास उघडी असते.

भरती सांगितली की कुठलीही रक्कम भरण्याआधी दोन ठिकाणी जायचं. पहिलं, आरोग्यमित्राचं टेबल. आरोग्यमित्र म्हणजे सरकारी योजनेचा रुग्णालयात बसणारा मदतनीस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. मात्र ही योजना यादीतल्या उपचारांना आणि भरती झालेल्यालाच. नुसत्या ओपीडीचा खर्च तिच्यात बसत नाही. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी रोख भरून मागाहून योजनेत बसवू, असं होत नाही. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं ठिकाण, वैद्यकीय समाजसेवक. उपचार यादीत नसेल, इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचा भाग, बाहेरून आणायला सांगितलं असेल, तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ‘पुअर बॉक्स’ निधी असतो आणि मदत करणाऱ्या ट्रस्टना द्यायची पत्रं तिथूनच मिळतात. मुख्यमंत्री सहायता निधीलाही उपचार चालू असतानाच अर्ज करायचा. डिस्चार्जनंतर बिल दाखवून पैसे मिळत नाहीत. ही दोन टेबलं चुकवल्यामुळे लोक जमीन गहाण टाकतात, म्हणून इतकं सांगावं लागतं.

सरकारी खाट मिळाली नाही, तर धर्मादाय रुग्णालयांकडे वळा. मुंबईतली काचेच्या भिंतींची कित्येक मोठी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. २००६ पासून लागू असलेल्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. रिसेप्शनवर ‘खाट नाही’ ऐकून परत फिरू नका. तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला दाखवा, नकार लेखी मागा. तरीही नाही म्हणाले, तर तोच कागद घेऊन वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

टाटाला जाणाऱ्यांसाठी वेगळं. नोंदणी करतानाच ‘जनरल’ सांगा. प्रायव्हेटची फाइल निघाली की दर कितीतरी वाढतात. बाहेर बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतला मेणाचा तुकडा, कडेला नंबर लिहिलेला. आधीच्या लॅबकडून तो मागून घ्यावा लागतो, आणि नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघायचा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं.

राहायला दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती. रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नाव नोंदवा.

औषधं लिहून देताना डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा, म्हणजे जनऔषधी दुकानात मिळतं. परतीच्या आधी डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख आणि युनिट आहे ना ते पाहा. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत रेल्वेभाडं पूर्ण माफ आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच सही-शिक्क्यानिशी घ्यायचा, स्टेशनवर मिळत नाही.