बर्लिनचा जिराफाटायटन: पाहण्याआधी आणि पाहताना

डायनासोरांचे वेड मला वाचता येऊ लागल्यापासून आहे आणि वय वाढले तसे ते कमी न होता मुरत गेले. चित्रे, लेख आणि माहितीपट यांच्यावर बरीच वर्षे भागवल्यानंतर सांगाडे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी बर्लिनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात, म्हणजे तेथील नावाने ‘म्युझियम फ्युअर नाटुरकुंडे’मध्ये, जाऊन आले. टी. रेक्स म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स या शिकारी डायनासोराचे शिकागोची ‘सू’ आणि न्यूयॉर्कमधील असे दोन सांगाडे; त्यांची कीर्ती मोठी आहे हे मान्य. तरीही पहिली भेट बर्लिनलाच द्यायची हे माझे जुने ठरलेले होते, कारण उभारलेल्या सांगाड्यांमध्ये जगात सर्वांत उंच समजला जाणारा, लांब मानेचा डायनासोर जिराफाटायटन आणि डायनासोर व पक्षी यांचे नाते सांगणारा सर्वांत सुंदर जीवाश्म, आर्किओप्टेरिक्स, हे दोन्ही तेथे एकाच इमारतीत काही पावलांच्या अंतरावर आहेत.

पोहोचणे अगदी सोपे आहे. भुयारी रेल्वेच्या यू-६ मार्गावर संग्रहालयाच्याच नावाचे स्थानक आहे आणि मुख्य रेल्वे स्थानकापासून इनव्हालिडेनश्ट्रासे या रस्त्याने चालत गेले तरी पाव तासात दारात पोहोचता येते. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनी तिकीट ‘एबीसी’ क्षेत्रांचे घ्यावे, कारण विमानतळ ‘सी’ क्षेत्रात मोडतो. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी ‘एबी’ पुरते. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. संग्रहालय सोमवारी बंद असते. इमारतीचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चालू असल्यामुळे कोणती दालने उघडी आहेत हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहावे आणि प्रवेशाचे तिकीटही तेथूनच काढावे. सकाळी दार उघडताच आत जाणे सर्वांत चांगले, कारण शाळांच्या सहली सुरू झाल्या की मुख्य दालनात शांतपणे उभे राहणे कठीण होते.

डायनासोरांचे दालन प्रवेशद्वारासमोरच आहे. काचेच्या छतातून येणारा उजेड थेट सांगाड्यावर पडतो. जिराफाटायटनची उंची १३.२७ मीटर आहे. हा आकडा मला आधीपासून पाठ होता. पण दारातून पाहताना नजर आधी छातीच्या पिंजऱ्यावर अडते, मग मानेच्या मुळाशी पोहोचते आणि मान संपता संपत नाही, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळतो. माझी विनंती अशी, की लगेच छायाचित्रे काढायला सुरुवात करू नये. आधी सांगाड्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी, मग पुढच्या पायाजवळ थांबावे. दंडाचे हाड २.१३ मीटर लांब आहे, तर मांडीचे हाड दोन मीटरांहून किंचित कमी. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्यामुळे पाठ खांद्यापासून शेपटीकडे उतरत जाते आणि मान जणू आपोआप वर झेपावते. शेजारीच डिप्लोडोकस उभा आहे. त्याची पाठ जवळजवळ आडवी आणि मान पुढे पसरलेली आहे. हे दोघेही लांब मानेचे शाकाहारी प्राणी, पण शरीराची घडण इतकी निराळी की त्यांनी वेगवेगळ्या उंचीवरचा पाला खाल्ला असावा, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

यापुढचा सल्ला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणताही सांगाडा पाहताना त्यातील खरे हाड कोणते आणि प्रतिकृती कोणती हा प्रश्न आधी विचारावा. जिराफाटायटनच्या पायांची बहुतेक हाडे खरी आहेत, मात्र डोके प्रतिकृतीचे आहे आणि मानेचे व पाठीचे मणकेही घडवलेले आहेत, कारण मूळ मणके एवढ्या उंचीवर टांगता येण्याजोगे नाहीत. ते फार जड आहेत आणि फार नाजूकही. शिवाय हा सांगाडा एकाच प्राण्याचा नाही. मुख्य भाग एका प्राण्याचा असला, तरी उणी हाडे साधारण त्याच आकाराच्या इतर प्राण्यांकडून घेतली आहेत. शेजारचा डिप्लोडोकस तर पूर्णपणे प्रतिकृती आहे; अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी युरोपातील राजधान्यांना भेट दिलेल्या साच्यांपैकी तो एक असून १९०८ मध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म याला देण्यात आला. हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला मात्र उलट वाटले. हाड कोठे संपते आणि शास्त्रज्ञाचा तर्क कोठे सुरू होतो हे कळू लागले, की सांगाडा वाचता येऊ लागतो. खऱ्या हाडांवर बारीक भेगा, दाबामुळे आलेले बाक आणि जागोजागी भरलेले लिंपण दिसते. प्रतिकृतीचा पृष्ठभाग त्या मानाने एकसारखा असतो.

यासाठी लहानशी दुर्बीण जरूर न्यावी. तेरा मीटर उंचीवरचे डोके नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. दुर्बिणीतून जबड्याच्या कडेचे चमच्यासारखे रुंद दात आणि कपाळावरची नाकपुड्यांची कमान स्पष्ट दिसते. याच कमानीमुळे एके काळी अभ्यासकांना वाटले होते, की हा प्राणी खोल पाण्यात बुडून राहत असावा आणि फक्त माथा बाहेर काढून श्वास घेत असावा. पुढे १९५१ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ केरमॅक यांनी दाखवून दिले, की तेवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबामुळे छाती फुगवणेच शक्य झाले नसते. दुर्बीण मानेवरून खाली आणताना मणक्यांच्या बाजूंचे खळगे पाहावेत. मूळ मणके आतून पोकळ होते, त्यांत हवेच्या पिशव्या शिरलेल्या असत, आणि अशी रचना आज पक्ष्यांमध्ये आढळते. एवढी लांब मान उचलून धरणे या प्राण्याला कसे शक्य झाले, याच्या उत्तराचा मोठा भाग त्या खळग्यांत आहे.

सांगाड्याची ठेवणही त्या त्या काळाचे मत सांगते. जीवाश्मशास्त्रज्ञ वेर्नर यानेन्श यांच्या देखरेखीखाली १९३७ मध्ये हा सांगाडा पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा पुढचे पाय कोपरात बाहेरच्या बाजूला वाकलेले होते आणि शेपूट जमिनीवर टेकलेली होती. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे डायनासोर हे प्रचंड आकाराचे सरडेच होते. २००५ मध्ये दालनाच्या दुरुस्तीच्या निमित्ताने सांगाडा उतरवण्यात आला आणि २००७ मध्ये नव्या ज्ञानानुसार पुन्हा उभारला गेला. आता चारही पाय शरीराखाली खांबांसारखे सरळ आहेत आणि शेपूट हवेत तोललेली आहे. नावातही बदल झाला. यानेन्श यांनी १९१४ मध्ये याला ब्रॅकिओसॉरसची एक जात मानले होते. अमेरिकेतील ब्रॅकिओसॉरसपेक्षा तो पुरेसा निराळा आहे हे अभ्यासक मायकेल टेलर यांनी २००९ मध्ये हाडांची एकेक करून तुलना करून मांडले, आणि जिराफाटायटन हे वेगळे नाव रूढ झाले. जुन्या पुस्तकांत बर्लिनचा ब्रॅकिओसॉरस म्हणून जो भेटतो तो हाच.

ही हाडे जर्मनीतील नाहीत, आणि ती आली कोठून हे जाणून घेतल्याशिवाय दालनातून बाहेर पडू नये असे मला मनापासून वाटते. आजच्या टांझानियाच्या आग्नेय भागात टेंडागुरू नावाची टेकडी आहे. तो प्रदेश जर्मन वसाहतीत असताना १९०६ मध्ये बेर्नहार्ड झाटलर या अभियंत्याला तेथे उघडी पडलेली प्रचंड हाडे दिसली, आणि १९०९ ते १९१३ या काळात बर्लिनच्या संग्रहालयाने तेथे मोठे उत्खनन केले. जर्मन सत्तेविरुद्ध स्थानिक लोकांनी केलेल्या ‘माजी माजी’ नावाच्या उठावाचे रक्तरंजित दमन आणि त्यापाठोपाठ आलेला दुष्काळ यांना तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. खणणारे आणि वाहणारे हात स्थानिक लोकांचे होते. ऐन भरात शेकडो माणसे कामावर होती. हाडे प्लास्टर आणि मातीत लिंपून बांबूच्या आवरणांत बांधत आणि लिंडी बंदरापर्यंतची अनेक दिवसांची वाट लोक ती डोक्याखांद्यावरून नेत. अशा रीतीने दोनशे टनांहून अधिक माल बर्लिनला पोहोचला. उत्खननावरील मुख्य मुकादम बोहेती बिन अम्रानी यांचे नाव २००७ मध्ये ऑस्ट्रेलोडोकस बोहेती या डायनासोराला देण्यात आले. हे फार उशिरा झाले, पण झाले याचे समाधान आहे. हे सांगाडे परत द्यावेत का, यावर आज उघडपणे चर्चा होते. ज्यांनी हाडे वाहिली त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ती पाहण्यासाठी बर्लिनला यावे लागते, ही गोष्ट मला स्वतःला बोचली, आणि त्या दालनातील आनंदाबरोबर ही बोच असणे योग्यच वाटले.

टेंडागुरूचे इतरही प्राणी येथे आहेत आणि मोठ्याच्या सावलीत ते सहज निसटतात. पाठीवर आधी हाडांच्या उभ्या पाट्या आणि कमरेपासून शेपटीपर्यंत काटे असलेला केंट्रोसॉरस मला विशेष आवडला. आखूड मानेचा डिक्रिओसॉरस आणि सडपातळ, वेगवान बांध्याचा एलाफ्रोसॉरस हेही थांबून पाहण्यासारखे आहेत. माहितीफलक जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे अडचण येत नाही.

आर्किओप्टेरिक्सला मात्र शेवटी भेटावे. मोठा सांगाडा पाहून झाल्यावर, मणक्यांतील हवेचे खळगे अजून लक्षात असताना, त्या मंद प्रकाशाच्या जागेत जावे. बव्हेरियातील आइखश्टेटजवळच्या चुनखडीत १८७० च्या दशकात सापडलेली ही शिळा उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी पैसे पुढे केल्यामुळे २०,००० मार्कांना बर्लिनसाठी घेता आली. येथे दिसते ती मूळ शिळाच आहे, जाड काचेआड ठेवलेली. पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, मान मागे वळलेली, आणि पिसांचा ठसा इतका स्वच्छ की प्रत्येक पिसाचा मधला दांडा दिसतो. मग काचेला शक्य तितके जवळ जाऊन जबड्यातले दात शोधावेत, पंखांच्या कडेची नखे असलेली तीन बोटे शोधावीत आणि लांब हाडांची शेपूट पाहावी. पिसे पक्ष्याची, दात, नखे आणि शेपूट लहान शिकारी डायनासोराची. टेंडागुरूचे महाकाय प्राणी आणि हा जीव जवळपास एकाच काळातले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. येथे गर्दी पुढे सरकण्याची घाई करते, पण बाजूला होऊन पुन्हा मागे यावे. प्रकाश कमी असतो आणि फ्लॅश वापरायचा नसतो, त्यामुळे छायाचित्राच्या नादी लागण्यापेक्षा वहीत एखादे रेखाटन काढलेले बरे. रेखाटन करताना जे दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही, हा माझा तरी अनुभव आहे.

खास टी. रेक्स पाहण्यासाठी जाणाऱ्यांना एक सूचना. मोंटाना राज्यात २०१० मध्ये सापडलेला ‘ट्रिस्टन ओटो’ २०१५ पासून या संग्रहालयात दाखवला जाऊ लागला. पण तो खाजगी मालकीचा आहे आणि मध्यंतरी कोपनहेगनलाही जाऊन आला. तो त्या वेळी बर्लिनमध्ये आहे की नाही याची खात्री करूनच बेत आखावा. बाकी संग्रहालयासाठी अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा. पूर्वेकडची बाजू १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली होती. २०१० मध्ये ती पुन्हा बांधली गेली आणि तेथे काचेच्या बरण्यांत जतन केलेल्या प्राण्यांचा मोठा संग्रह आहे. तो पाहण्यासारखा आहे, पण डायनासोरांसाठी आलेल्याने त्यासाठी मुख्य दालनातला वेळ कापू नये.

ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत त्यांनी कोलोनला गाडी बदलून ब्रसेल्सला जावे आणि तेथील नैसर्गिक विज्ञान संग्रहालयातले इग्वानोडॉन हे शाकाहारी डायनासोर पाहावेत; तेही संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून वारांची जुळणी आधी करावी. बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये, ३२२ मीटर खोलीवर, या प्राण्यांचे जवळजवळ पूर्ण सांगाडे सापडले. जीवाश्मशास्त्रज्ञ लुई डोलो यांनी त्यांचा अभ्यास केला आणि पूर्वी नाकावरचे शिंग समजले गेलेले हाड अंगठ्याचा काटा आहे हे त्यांनी पक्के केले. ते सांगाडे मोठ्या काचघरात आजही एकोणिसाव्या शतकातल्या ठेवणीत, कांगारूसारखे मागच्या पायांवर ताठ उभे आहेत. हाडे इतकी ठिसूळ आहेत की त्यांना पुन्हा सुटे करण्याचा धोका पत्करलेला नाही. बर्लिनमध्ये सुधारलेली ठेवण पाहून आल्यावर येथे शेपटीच्या मुळाकडे नीट पाहावे. जिवंतपणी ती शेपूट जवळजवळ आडवी आणि ताठ असे, आणि प्राण्याला असे उभे करण्यासाठी तिला जेथे वाकवावे लागले ती जागा जमिनीवर उभे राहूनही ओळखता येते.