हे पुस्तक सध्या वापरात आहे

माझे आजोबा मोसम नदीवरच्या एका बंधाऱ्याचे पाटकरी होते. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणाचं भिजवून झालं, कोणाची चारी उघडायची, हे बघत फिरायचे. त्यांची नात नाशिकला सिडकोत बसून दीड महिना एका पुस्तकाची पाळी कधी येते याची वाट बघत होती, हे कळल्यावर गावाकडचे काका फोनवर पोट धरून हसले. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मंग, लागना का नंबर?"

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि चाळिशीच्या तोंडावर पीएच.डी.ला नाव नोंदवलंय. विषय बागलाणातली फड पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर दगडी बंधारा, तिथून निघालेला कालवा आणि कालव्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका हंगामात एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवतात आणि तोटा सगळ्यांना सारखाच होतो. पाणी कोणी घ्यायचं हे शेतकरी स्वतःच्या हाताने ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर ही रीत काही शतकं चालली.

गाइड सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "आजोबांच्या गोष्टी नंतर. सामूहिक सिंचनाच्या नियमांवर जगात काय लिहिलं गेलंय ते आधी वाचा." एका इंग्रजी पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. छापील प्रतीची किंमत बघितली आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवून दिली.

माझं संशोधन केंद्र नाशिकमध्ये, पण विद्यापीठ दुसऱ्या शहरात. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांतून बाहेर पडून तिथे जायचं म्हणजे एका पुस्तकासाठी अख्खा दिवस आणि एक रजा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूची मात्र घरबसल्या दिसते. ओपॅक म्हणतात तिला. नाव टाकलं, नोंद सापडली, आनंद झाला. पण प्रतींच्या रकान्यात काहीच नाही, कपाटाचा क्रमांकही नाही. सावानाच्या कार्डांवर वाढलेल्या माझ्यासारखीला याचा एकच अर्थ कळतो: पुस्तक हरवलं. (सावाना म्हणजे आमचं १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय. नाशिककरांना सांगायला नको.) मी ग्रंथालयाला फोन करून चक्क तक्रार केली. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते ई-बुक आहे. खाली निळ्या अक्षरांत लिंक आहे बघा."

लिंक होती. दाबली तर प्रकाशकाच्या पानाने माझ्याकडे डॉलर मागितले.

विद्यापीठाने पैसे भरलेत, मी विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे, मग माझ्याकडे पुन्हा पैसे कसले? पुन्हा फोन केला. तेव्हा कळलं की प्रकाशकाचा सर्व्हर मला ओळखतच नाही, तो ओळखतो इंटरनेटचा पत्ता. आवारातल्या नेटवरून तीच लिंक उघडली तर दार आपोआप उघडतं. सिडकोतल्या माझ्या वायफायवरून उघडली तर मी रस्त्यावरचं कोणीही गिऱ्हाईक. घरून यायचं तर दूरस्थ लॉगिन लागतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने देशातल्या संस्थांसाठी इन्फेड नावाची सोय केलीय. प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' असं काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते शोधायचं. यादीतून आपली संस्था निवडायची. मग आपल्याच संस्थेचं लॉगिनचं पान उघडतं, पासवर्ड तिथे द्यायचा. संस्था प्रकाशकाला एवढंच कळवते की हा माणूस आमचा आहे. लग्नाच्या मांडवात "हे आमच्याकडचे" म्हणून कोणीतरी हात धरून आत नेतं, तसंच.

पण मी 'आमच्याकडची' आहे हे विद्यापीठाच्या यादीत कुठे होतं? बाहेरगावच्या केंद्रांतून नाव नोंदवलेल्या संशोधकांची यादी ग्रंथालयाकडे गेलीच नव्हती. अर्ज, फीची पावती, ओळखपत्राची स्कॅन केलेली प्रत, गाइड सरांची सही. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मी रागारागाने फोन केला, तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला पासवर्ड चौथ्याच दिवशी पाठवलाय." तो स्पॅममध्ये पडून होता, एका साडीच्या सेलखाली. तिथे मात्र दोष माझाच.

या अकरा दिवसांत एक बरं झालं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल सरांनी मला एन-लिस्टचं खातं उघडून दिलं. हीसुद्धा इन्फ्लिबनेटचीच योजना, २०१० पासूनची, खास महाविद्यालयांसाठी. कॉलेज वर्गणी भरतं, ग्रंथपाल आपलं नाव आणि मेल आयडी कळवतात आणि पासवर्ड थेट आपल्याकडे येतो. इतकी वर्षं मी त्याच कॉलेजात नोकरी करतेय आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं स्टाफरूमपासून पन्नास पावलांवर होती. सर म्हणाले, "दर वर्षी नोटीस लावतो. वाचतं कोण?" मी नोटीस बोर्डाकडे बघायचं टाळलं.

स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तर एका सहकाऱ्याने निकाल दिला, "आता सगळं फुकट झालंय, वन नेशन वन सबस्क्रिप्शन!" तो अर्धाच बरोबर होता. जानेवारी २०२५ पासूनची केंद्र सरकारची ती योजना मोठी आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पण आहेत ती नियतकालिकं, पुस्तकं नाहीत. लेख शोधायला तिचा मला पुढे फार उपयोग झाला, सरांच्या चिठ्ठीतल्या पुस्तकासाठी शून्य.

शोधताना मी काय काय केलं ते आता आठवलं की लाज वाटते. आधी मराठीत 'फड सिंचन' टाकलं. तमाशाच्या फडावरचं काहीतरी आलं. मग रोमन लिपीत टाकलं. 'फ' कोणी पी-एचने लिहितो, कोणी एफने, आणि 'ड' कोणी डीने, कोणी आरने. नाशिकचीही जुन्या पुस्तकांत एचशिवायची वेगळी स्पेलिंग. ग्रंथपाल सरांनी युक्ती सांगितली: आपल्याला हवा तो शब्द शोधायचा नाही, एखादं चांगलं पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीत तळाशी विषय-शीर्षकं दिलेली असतात, त्यांवर दाबायचं. मग सूचीकाराने त्याच कप्प्यात टाकलेली बाकीची पुस्तकं समोर येतात. एका तासात माझी यादी तीनवरून सव्वीसवर गेली. पुस्तकांची नावं वाचून कधीच कळलं नसतं की आत खानदेशावर प्रकरण आहे.

तर पासवर्ड मिळाला. रात्री साडेदहाला, मुलाचा गृहपाठ उरकून, मी लॉगिन केलं. मुखपृष्ठ दिसलं. 'वाचा' वर दाबलं आणि इंग्रजीत ओळ आली: हे पुस्तक सध्या वापरात आहे.

वापरात? फाईल वापरात कशी असेल? एका फाईलच्या हजार प्रती करता येतात हे माझा आठवीतला मुलगासुद्धा जाणतो. पण ग्रंथालय फाईल विकत घेत नाही, परवाना घेतं. एका वेळी एकाने वाचायचा परवाना स्वस्त, तिघांचा महाग, कितीही जणांचा त्याहून महाग, आणि काही प्रकाशक तो शेवटचा देतच नाहीत. एन-लिस्टवरची मी उघडलेली पुस्तकं सगळ्यांना एकदम उघडत होती, म्हणून मला हे कधी जाणवलंच नव्हतं. विद्यापीठाने हे एक पुस्तक एका वाचकापुरतं घेतलेलं. कोणीतरी ते सात दिवसांसाठी उतरवून घेतलं होतं आणि ते सात दिवस बाकी सगळ्यांना दार बंद.

मी यादीत नाव घातलं. माझ्यापुढे तिघं. तीन गुणिले सात म्हणजे एकवीस, असा हिशोब केला. तो चुकला, कारण नंबर लागल्याचा मेल आल्यावर ठरावीक वेळात पुस्तक घेतलं नाही तर ते पुढच्याकडे जातं. माझा पहिला मेल आला तेव्हा मी बारावीच्या पेपरांवर सुपरव्हिजन करत होते, मोबाईल बाहेर जमा. संध्याकाळपर्यंत पाळी गेली. पुन्हा यादीच्या तळाशी. काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "शेतावर हजर नसला त्याचं पाणी पुढं जातंच." हा त्यांच्या वडिलांचाच नियम.

दुसऱ्यांदा मात्र मी तयार होते. मेल आला, दोन मिनिटांत 'डाऊनलोड' दाबलं आणि फाईल उतरली. डोळे दुखतात म्हणून पानं छापून घ्यावीत, असा विचार करून पेन ड्राइव्ह घेऊन कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने फाईल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही दोन केबीची आहे. यात काही नाहीये." मला वाटलं त्याला उघडता येत नाही. त्याने नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. कंसातल्या काहीबाही खुणा, बस्स.

ती फाईल म्हणजे पुस्तक नसतंच, ते टोकन असतं. ॲडोबी डिजिटल एडिशन्ससारखं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं, त्यात आपला आयडी काढायचा, मग ते टोकन दाखवून पुस्तक खाली येतं, कुलूप लावलेलं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये वाचायचं, मुदत संपली की आपोआप बंद. हे सगळं मला त्या झेरॉक्सवाल्याने नाही, ग्रंथपाल सरांनी सांगितलं. आणि त्याहून कामाची गोष्ट सांगितली: पूर्ण पुस्तक उतरवायच्या भानगडीत पडू नका, ऑनलाइन उघडा आणि हवं ते प्रकरण पीडीएफमध्ये घ्या. प्रत्येकाला पानांचा कोटा असतो. तेवढी पानं कायमची आपली, त्यांना कुलूप नाही, छापताही येतात. मला हवं होतं ते प्रकरण एकोणतीस पानांचं आणि कोटा त्याहून मोठा. म्हणजे एका प्रकरणासाठी अख्खा फड भिजवायला निघाले होते मी.

प्रकरण छान होतं. माणसं पाणी का चोरत नाहीत, यावर. आजोबांना हसू आलं असतं, कारण त्यांच्या मते चोरत होतीच, फक्त कोण चोरतो हे सगळ्यांना माहीत होतं.

मग एक नवीनच अडचण. मी दुसऱ्या एका पुस्तकातला उतारा ई-पब प्रतीवरून घेतला होता. सरांनी तांबड्या पेनने विचारलं: पान? ई-पबमध्ये अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, मोबाईलवर चारशे तर टॅबवर दोनशे. तिथे पान ही गोष्टच नसते. तेव्हापासून संदर्भासाठी पीडीएफ, बसमध्ये वाचायला ई-पब. सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहून मी दोन पुस्तकं अशी संपवली.

जुन्या गोष्टींसाठी परवाना-बिरवाना लागत नाही. १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, इंटरनेटवर फुकट आहे. पण त्यात 'बंधारा' शोधायला गेले तर सापडेना, डोळ्यांसमोर छापलेला असून. इंग्रज संपादकांनी देशी शब्दांतल्या दीर्घ 'आ'वर तिरकी रेघ दिलीय आणि यंत्राने ते अक्षर स्कॅनमधून भलतंच वाचलंय. शेवटी अनुक्रमणिका बघून पानं उलटली, पूर्वीसारखी. मराठी पीडीएफची तर आणखी तऱ्हा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर शोधायला टाकलेला शब्द तिला कळतच नाही. दिसतं मराठी, आत असतात भलतीच इंग्रजी अक्षरं. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं मोफत उतरवता येतात, त्यातली काही मी अशीच पान-पान सरकवत वाचली. शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, इतरांचे प्रबंध मिळाले. त्यातल्या एकाची संदर्भसूची तर मला सगळ्या सूचींपेक्षा जास्त उपयोगी पडली.

मागच्या महिन्यात कामासाठी विद्यापीठात गेले तेव्हा त्या फोनवरच्या बाईंना भेटले. पेढे दिले. त्यांनी संगणकावर दाखवलं की त्या पुस्तकापाशी येऊन किती वाचक परत गेले याची नोंद राहते. "पण आकडा पुरत नाही. कोणीतरी लेखी मागितलं तर समितीपुढे ठेवता येतं. कोणी मागतच नाही." मी तिथेच उभ्या उभ्या तिघांच्या परवान्यासाठी अर्ज लिहिला, गाइड सरांच्या शिफारशीसह नंतर पुन्हा पाठवला. समितीची बैठक अजून व्हायचीय.

आत्ता हे लिहिता लिहिता सहज लॉगिन करून बघितलं. पुस्तक वापरात आहे, पुढे दोघं. या विषयावर काम करणारी मी एकटीच आहे असं मला वाटत होतं. कोण असतील हे लोक? काकांना विचारलं पाहिजे, गावातून आणखी कोणी शिकायला गेलंय का.