दागिने परदेशी नेताय? विमा कुठून कुठपर्यंत आहे ते आधी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न साधारण असा असतो: "मुलगी दुबईला, मुलगा डॅलसला. सहा महिने दोन्हीकडे राहणार, मधे एक लग्न आहे, म्हणून पंधरा तोळे सोबत नेतोय. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, त्यात दागिने येतात ना?"

बहुतेक वेळा येत नाहीत. प्रवास विम्यातलं सामानाचं कलम असतं ते विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगेसाठी, आणि त्यातूनही सोनं, जडजवाहीर, रोकड सहसा वगळलेली असते. विमान कंपनीची जबाबदारीही माँट्रियल या आंतरराष्ट्रीय विमानप्रवास करारानुसार एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंतच (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपये. त्यात बहुतेक कंपन्यांच्या अटी सांगतात की मौल्यवान वस्तू चेक-इन सामानात ठेवूच नका. तेव्हा दागिने अंगावर किंवा हातातल्या बॅगेत, आणि ती बॅग कायम जवळ.

दागिन्यांसाठी ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे वगळलेली कारणं सोडून बाकी सगळ्या जोखमी धरणारी पॉलिसी, वेगळी घ्यावी लागते. ती मुळात भारतापुरती असते. जादा हप्ता भरून जगभरासाठी वाढवून घेता येते, पण तसं पॉलिसीच्या कागदावर लिहून आलं पाहिजे. "होईल सगळीकडे कव्हर" असं तोंडी सांगितलेलं दाव्याच्या वेळी उपयोगाचं नाही.

सोलापूरकरांची गफलत होते ती सुरुवातीच्या तारखेत. पॉलिसी विमानाच्या तारखेपासून घेतात, पण दागिने चार दिवस आधी लॉकरमधून घरी आलेले असतात आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. परदेश प्रवासाचा विमा साधारणपणे भारतातल्या विमानतळावर सुरू होतो, म्हणजे गाडीतली ती रात्र उघडीच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० प्रमाणे बुक न केलेल्या, स्वतःजवळच्या सामानाबद्दल रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. म्हणून ऑल रिस्क पॉलिसी लॉकर उघडायच्या दिवसापासून सुरू करा. गाडीत चोरी झालीच तर टीटीईकडे फिर्यादीचा फॉर्म मागा, १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर कळवा.

आता मूल्यांकन. इथे कंजूषी करू नका. सराफ बाजारात नेहमीच्या सराफाकडून लेखी दाखला घ्या: प्रत्येक नगाचं एकूण वजन, खडे-मोती वजा करून निव्वळ वजन, कॅरेट आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्क केलेल्या नगाचा ओळख क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. आजीच्या काळातल्या पाटल्या-तोड्यांवर तो नसतो, त्यांचा कस हॉलमार्किंग केंद्रातून तपासून घ्या. प्रत्येक नगाचा तराजूवर वजन दिसेल असा फोटो काढा.

रक्कम आजच्या भावाने लावा. दहा लाखांचे दागिने सहा लाखांचे दाखवले आणि दोन लाखांचा नग गेला, तर सरासरीच्या कलमाने (विमा जितका कमी, तितक्याच प्रमाणात भरपाईही कमी) हातात एक लाख वीस हजारच येतात. दोन वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर पॉलिसी नूतन करणाऱ्यांना हाच फटका बसतो. कुड्यांच्या जोडातली एक हरवली तर जोडाची नाही, एकीचीच किंमत मिळते. आणि "कुठे पडलं कळलंच नाही" हे कारण अनेक पॉलिस्यांत बसत नाही. मोटारीत कुणी नसताना ठेवलेली बॅगही नाही.

मुलाच्या अमेरिकेतल्या घरविम्यावर विसंबू नका. तिथल्या नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बहुधा १,५०० डॉलर असते. नगवार नोंद करून ती वाढवता येते, पण ती विमाधारकाच्या मालकीच्या दागिन्यांसाठी. पाहुण्या आलेल्या आईचे दागिने त्यात आपोआप धरले जात नाहीत. मुलाने कंपनीला लेखी विचारावं.

परतीचा विचार जातानाच करायचा. मुंबईला चेक-इनच्या आधी कस्टम्सकडे दागिने, बिलं आणि दाखला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे येताना आपलेच दागिने नवे आणलेत असा वाद होत नाही. स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने विनाशुल्क आणायची सवलत ऐकून लोक निर्धास्त होतात, पण ती वर्षाहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. सहा महिन्यांनी परतणाऱ्याला लागू नाही.

लग्नाला लागतील तेवढेच न्या, बाकीचे लॉकरमध्ये राहू द्या, असं माझं स्पष्ट मत. फक्त, बँक लॉकरमधल्या वस्तूंचा विमा काढत नाही हे ध्यानात असू द्या. आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट, म्हणजे भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त तीन लाख. त्यावरच्या रकमेसाठी लॉकरमधले नगही त्याच ऑल रिस्क पॉलिसीत नोंदवता येतील का, आणि लॉकरमध्ये असतानाचा दर कमी लागेल का, हे एजंटला विचारून घ्या.