वीतभर उंचीवरून पाहिलेले घर

दिवाळी आटोपल्यावर आमच्या घरी डॅशहुंड या जातीच्या कुत्र्याचे नऊ आठवड्यांचे पिल्लू आले. मुलीने तिचे नाव सुंठी ठेवले. पिल्लू आणायचे हे शिमग्यातच ठरले होते, परंतु पावसाळ्यात ते आणायचे नाही, यावर मी ठाम राहिले. आमचे घर रत्नागिरीहून पावसकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत आहे. जून ते सप्टेंबर या काळात इथे जमीन वाळत नाही, उंदीर बिळे सोडून घराच्या आश्रयाला येतात, त्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उतरतात आणि गवत गुडघ्याच्या वर वाढलेले असल्यामुळे पायाखाली काय आहे ते माणसालाही दिसत नाही. पुढे गणपतीत पंचवीस-तीस माणसे घरात असतात आणि दिवाळीत फटाके वाजतात. इवल्या जिवाला नव्या घरात रुळण्यासाठी शांत, कोरडे दिवस मिळावेत, एवढीच माझी इच्छा होती. शिवाय तयारीला वेळ मिळाला. ती तयारी कशी केली, हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक शहरातल्या सदनिकांना धरून असते आणि कोकणातल्या घराचे प्रश्न निराळे असतात. सदनिकेचे दार लावले की घर संपते. आमचे घर ओटीवरून अंगणात, पडवीतून परसात आणि परसातून थेट बागेत जाते, आणि ते नेमके कुठे संपते हे पिल्लाला कोणी सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

पूर्ण वाढलेल्या डॅशहुंडची खांद्यापर्यंतची उंची साधारण एक वीत भरते. पिल्लू त्याहूनही ठेंगणे. म्हणून सर्वांत आधी मी एका दुपारी ओटीवर पालथी पडले, हनुवटी जमिनीला टेकवली आणि तशीच सरपटत माजघरापर्यंत गेले. पंधरा वर्षे ज्या घरात वावरले, ते घर मला ओळखू येईना. दिवाणाखाली शिवणाची सुई चमकत होती. इन्व्हर्टरची वायर भिंतीच्या कडेने तोंडापाशी येईल अशी लोंबत होती. कोपऱ्यात डासांच्या अगरबत्तीची अर्धी जळलेली गुंडाळी आणि तिची राख होती. आणि डोक्यावर, हात वर केला तर लागेल इतक्या अंतरावर, झोपाळ्याची फळी होती.

झोपाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण कोकणातल्या घरात लहान पिल्लाला सर्वांत मोठा धोका कशाचा, असे मला कोणी विचारले तर मी सापाच्या आधी झोपाळ्याचे नाव घेईन. सागवानी फळी, लोखंडी कड्या आणि वर बसलेला माणूस मिळून जे वजन होते, ते एका लयीत पुढे-मागे जात असते. दुपारच्या वेळी ओटीवर सर्वांत गार जागा नेमकी त्या फळीखाली असते, त्यामुळे कुत्रे तिथेच येऊन पसरते. माणूस मागून झोका घेऊन येतो तेव्हा खाली काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि पिल्लू मान वर करायला आणि फळीची कड यायला एकच गाठ पडते. आम्ही भिंतीत एक मजबूत हूक बसवून घेतला आहे. पिल्लू ओटीवर असताना झोपाळा दोरीने त्या हुकाला बांधून ठेवायचा आणि कोणाला बसायचे असेल तर आधी वाकून खाली पाहायचे, हा घरातला नियम झाला. सासऱ्यांना संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्याशिवाय चैन पडत नाही. त्या तासाभरात सुंठी माजघरातल्या तिच्या कुंपणात असते.

ओटीच्या पायऱ्यांचाही विचार करावा लागला. आमचे जोते उंच आहे आणि अंगणात उतरायला चिऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी जवळजवळ पिल्लाच्या उंचीची. आखूड पायांच्या या जातीत मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होऊ लागतात, आणि दर चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी गादी सरकण्याचा त्रास होतो, ज्यात मागचे पाय लुळे पडू शकतात. उंचावरून उड्या मारण्याची सवय तिला मुळात लागूच नये, म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशी लाकडी फाटक केले आणि दिवाणापाशी बुटका पाट ठेवला. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा कमरेखाली ठेवून पाठ आडवी राहील असे उचलायचे, हे मुलीला उशीवर चार वेळा करून दाखवले. पॉमेरेनियन किंवा चिवावा आणणाऱ्यांनी पुढच्या पायांची काळजी अधिक घ्यावी. त्यांची हाडे इतकी बारीक असतात की कडेवरून निसटून पडले तरी मोडतात. ओटीच्या गुळगुळीत फरशीवर पाय फाकत होते, म्हणून सतरंज्या अंथरल्या. आधी काथ्याची पायपुसणी घातली होती, पण तिने पहिल्याच दिवशी काथ्या उपसून चघळायला घेतला, तेव्हा ती उचलून ठेवली.

स्वयंपाकघरात खोबरे खवण्याची विळी नेहमी जमिनीवर असे; आता काम झाले की ती मिटून फडताळात जाते. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा बाजेशेजारच्या स्टुलावरून भिंतीतल्या कपाटात गेला. अंगदुखीवर आपण सहज घेतो ती आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी एवढ्याशा पिल्लाचे मूत्रपिंड निकामी करू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगितले.

खाण्याच्या बाबतीत मात्र बराच वेळ चर्चा चालली. सासूबाई म्हणाल्या, “अगो, आपल्याकडची कुत्री बांगड्याच्या काट्यांवरच वाढली, त्यांना काय झाले?” मी म्हटले, “आई, काही झाले असेल तरी ते आपल्यापर्यंत आले नाही. गावठी कुत्रा परसात जाऊन पडायचा आणि आपण म्हणायचो, म्हातारा झाला.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच काटे काढून उकडलेला मासा चालेल का, असे विचारले. बिनमिठाचा, उकडून नीट निवडलेला मासा पुढे थोडा चालतो. सुकट मात्र खारट असल्यामुळे वर्ज्य. कांदा-लसूण, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतले झायलिटॉल कुत्र्याला विषासमान आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्याकडे नैवेद्याच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि प्रसाद प्रेमाने प्रत्येक जिवाला दिला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

आता जे लिहिणार आहे, ते लिहिणे मला अवघड जाते. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे खंड्या नावाचा कुत्रा होता. पडवीत नारळांचा ढीग होता, त्यात उंदीर झाले, म्हणून आम्हीच बाजारातून उंदरांच्या औषधाच्या वड्या आणून ढिगामागे ठेवल्या. कुत्र्याचे तोंड तिथवर पोचणार नाही, अशी खात्री होती. उंदरांनी एक वडी ओढत बाहेर आणली. खंड्याने ती खाल्ली, हे आम्हाला कळलेच नाही, कारण तीन दिवस तो जेवत होता, हिंडत होता. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि पाचव्या दिवशी तो गेला. नंतर समजले की ब्रोमॅडिओलोनसारखी ही औषधे शरीरातल्या के जीवनसत्त्वाचे काम थांबवतात. रक्त गोठवणारे जे घटक आधीच तयार असतात ते संपेपर्यंत वरून काहीच दिसत नाही, आणि ते संपले की आत कुठेही रक्तस्राव सुरू होतो. पहिल्याच दिवशी वडी गेल्याचे लक्षात आले असते, तर के-१ जीवनसत्त्वाचे उपचार सुरू करता आले असते. दोष आमचा होता. आता घरात पिंजरे आहेत, वड्या नाहीत. शेजारच्या तिन्ही घरी जाऊन मी हात जोडून विनंती केली की औषध ठेवायचेच असेल तर आम्हाला आधी सांगा आणि वेष्टन जपून ठेवा, म्हणजे प्रसंग आला तर डॉक्टरांना घटक वाचून दाखवता येईल. तिघांनीही मान्य केले.

परसातली तयारी याहून मोठी होती. डॅशहुंड हे कुत्रे जर्मनीत बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार झाले. बीळ दिसले की त्यात तोंड घालणे हा त्याचा स्वभावच आहे. आणि आमच्या परसाभोवती जांभ्या दगडाचा, न सांधलेला गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे; बिळांची रांगच ती. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि गडग्यांत फुरसे हा विषारी साप मुबलक. जेमतेम दीड फुटाचे, मातीच्या रंगाचे आणि दगडाखाली दडून राहणारे. गड्याला घेऊन आम्ही घराच्या बाजूचा गडगा दोन्ही अंगांनी सिमेंटने सांधून घेतला. पातेरा आणि नारळाच्या सोडणांचे ढीग घरापासून लांब हलवले, कारण त्यांत विंचू असतात. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या कामामुळे कोकणात माणसे वाचू लागली, आणि प्राझोसिनची गोळी इथल्या लोकांना नावाने माहीत झाली. पण ती माणसाची गोळी आपल्या अंदाजाने पिल्लाला देऊ नये. दंश विंचवाचा असो वा सापाचा, पिल्लाला न चालवता उचलून गाडीत घालावे आणि निघावे. गावात जनावरांचा डॉक्टर रोज नसतो. आम्हाला रत्नागिरी गाठायला पाऊण तास लागतो, म्हणून सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या दवाखान्यात असते, हे मी आधीच फोन करून विचारून ठेवले आहे.

गडग्याच्या आत, घरालगत, आम्ही वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी जागा जाळीने बंद केली. सध्या तिचे अंगण तेवढेच. फाटकाच्या सळयांमध्ये माझी तीन बोटे शिरली तर पिल्लाचे डोके शिरेल, असा हिशेब धरून खालच्या दोन फुटांवर बारीक जाळी लावली आणि ती उकरून पलीकडे जाऊ नये म्हणून वीतभर जमिनीत पुरली. वर नारळ नाही, हे पाहूनच जागा निवडली. झावळ पडली तरी एवढा जीव वाचत नाही. विहिरीला कठडा आहे, पण पाणी सोडायच्या पाटाच्या बाजूला त्याला भोक होते. तिथे लोखंडी जाळी बसवली. न्हाणीतली बादली आता पालथी असते.

झाडांपैकी कण्हेर आणि धोतरा काढून टाकले. दारापुढचे शोभेचे सायकस काढताना यजमानांना वाईट वाटले, परंतु त्याचा प्रत्येक भाग, विशेषतः बी, कुत्र्याच्या यकृताचा घात करते, त्यामुळे त्यावर तडजोड नव्हती. अळू राहिले. ते चावले तर तोंडाला खाज येते आणि सूज चढते, म्हणून ते जाळीच्या बाहेर ठेवले.

आंबा-बागायतदारांसाठी आणखी एक गोष्ट. मोहोर येण्याच्या सुमारास फवारण्या सुरू होतात, म्हणजे आमचे पिल्लू आले ते नेमके त्याच तोंडावर. फवारलेल्या कलमांखालच्या गवतातून फिरून आलेले कुत्रे मग आपले पाय चाटते आणि औषध पोटात जाते. फवारणीच्या दिवसांत सुंठी बागेत जाणार नाही, पंप घराच्या बाजूला धुतला जाणार नाही आणि फवारणीचे कपडे ओटीवर टाकले जाणार नाहीत, हे ठरले. पोफळींवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचे मोरचूद गोण्यांसह कुलपात गेले. माळ्यावरच्या काजूबियांचे पोतेही वरच बांधले, कारण त्यांच्या टरफलातल्या तेलाने माणसाची कातडी सोलवटते, तिथे पिल्लाच्या जिभेचे काय होईल? शेजारच्या गोठ्यातून गोचीड येतात, पण गुरांना लावायचे गोचिडांचे औषध पिल्लाला लावू नये; त्याचे औषध वजनाप्रमाणे वेगळे मिळते.

रात्री ती घरातच झोपते, दार लावून. आमच्या भागात बिबट्या कुत्र्यामागे अंगणात येतो आणि कधी विहिरीत पडतो, ही दरवर्षीची बातमी आहे. लहान कुत्रे बाहेर बांधून ठेवणे म्हणजे त्याला आमंत्रण देणे होय.

लसींचे वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस येण्याआधीच झाली होती, पुढच्या मात्रा सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, त्यात लेप्टोची लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून मात्रा पूर्ण होईपर्यंत ती वाडीच्या रस्त्यावर उतरणार नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीचा पट्टा आहे. जेवण दिवसातून चार वेळा, थोडे थोडे.

आणण्यासाठी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. आंबा घाटात वळणांवर तिला मळमळू लागले, तेव्हा साखरप्याला थांबून मुलीने तिला मांडीवर घेतले आणि घर येईपर्यंत दोन्ही हात तिच्या पाठीवरून काढले नाहीत. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासरे झोपाळ्यावर बसले होते. आम्ही फाटकातून आत येताना त्यांनी पाहिले, ते उठले, फळी मागे ओढली आणि दोरीची गाठ हुकाला दोनदा मारून मगच सुंठीला पाहायला पायऱ्या उतरून खाली आले.