तुम्ही विचारलंत म्हणून : जिवाणूरोधक संयुगाला सिंक्रोट्रॉन कशाला?

‘जिवाणू मरतात की नाही हे पेट्री डिशमध्ये कळते, मग तुम्ही इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर कशाला जाता?’ असे मला विद्यार्थी विचारतात आणि घरची मंडळीही विचारतात. सिंक्रोट्रॉन म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणारे यंत्र. त्या क्ष-किरणांनीच जंतू मारायचे असतील, अशीही काहींची समजूत असते. प्रत्यक्षात ते किरण आम्ही धातूच्या अणूभोवती कोणते अणू किती अंतरावर आहेत, हे पाहण्यासाठी वापरतो.

दुर्मिळ मृदा धातूंपैकी लँथेनमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाएवढाच, पण त्याच्यावर तीन धनप्रभार असतात. त्यामुळे जिवाणूच्या पेशीतल्या फॉस्फेट गटांना तो घट्ट धरू शकतो. सिरियम नायट्रेट तर सिल्व्हर सल्फाडायझिनच्या जोडीने भाजलेल्या जखमांवर १९७० च्या दशकापासून वापरात आहे. अशा धातूंना शिफ बेससारखा (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेला) सेंद्रिय लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, जोडून केलेली संयुगे पुष्कळदा भुकटीच्याच रूपात मिळतात, रचना ठरवण्याजोगा स्फटिक काही हाती लागत नाही. क्ष-किरण शोषणाला, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती शोषले जातात हे मोजण्याला, स्फटिकाची गरजच नसते.

भुकटी बोरॉन नायट्राइडबरोबर खलून, दाबून तिची चकती करायची आणि इंडस-२ च्या, म्हणजे इंदूरच्या त्या सिंक्रोट्रॉनच्या, बीमलाइनवर (किरण बाहेर आणणाऱ्या वाटेवर) किरणांची तीव्रता मोजणाऱ्या दोन आयनीकरण कक्षांच्या मधे ठेवायची. किरणांची ऊर्जा वाढवत नेली, की ५४८३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारास, लँथेनमच्या एल-३ एजपाशी (अणूच्या एल कवचातला इलेक्ट्रॉन सुटू लागतो त्या ऊर्जेपाशी), शोषणाचा आलेख एकदम उभा चढतो. सिरियम असेल तर या चढणीच्या माथ्यावरच त्याची संयुजा, म्हणजे त्याच्यावर किती धनप्रभार आहेत ते, वाचता येते : तीन असेल तर एक शिखर, चार असेल तर दोन. पुढच्या बारीक लहरी उठतात त्या अणूतून सुटलेला इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांवरून परावर्तित झाल्यामुळे, आणि त्यांवरून लँथेनम-ऑक्सिजन अंतर, जे बहुधा अडीच अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आसपास असते, एखाद-दोन शतांशांच्या फरकाने काढता येते. मात्र ५८९१ च्या सुमारास एल-२ एज, म्हणजे त्याच कवचामुळे येणारी पुढची चढण, आडवी येते आणि लहरी तिथेच तुटतात. शेजारी आठ की नऊ, हे छातीठोकपणे सांगणे कठीण. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांतला फरक तर या तंत्राला जवळजवळ दिसतच नाही.

एका पानावर असा वर्णपट, म्हणजे शोषणाचा आलेख, आणि पुढच्या पानावर आगरवरचे (जिवाणू वाढवण्याच्या जेलीवरचे) जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय छापले, म्हणजे एकाने दुसऱ्याचा उलगडा झाला, असे मानण्याची घाई मला पटत नाही. वर्णपट कोरड्या भुकटीचा असतो. जिवाणू ज्या माध्यमात वाढतात त्यात फॉस्फेट असते, आणि लँथेनम फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा वलय पडेपर्यंत मूळ संयुग शाबूत राहिले असेलच असे नाही. म्हणूनच नुसता लिगंड, नुसते धातूचे नायट्रेट आणि नुसता द्रावक यांच्या कागदी चकत्याही त्याच डिशमध्ये हव्यातच. जमल्यास द्रावणाचाही वर्णपट घ्यावा, पण ते काम किचकट आहे : या ऊर्जेचे बहुतेक किरण अर्धा मिलिमीटर पाण्यातच शोषले जातात, आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकातल्या गंधकामुळे तर त्याहूनही लवकर. तिथे आरपार गेलेले किरण मोजण्याऐवजी लँथेनममधून बाहेर पडणारे प्रतिदीप्त किरण बाजूला शोधक लावून मोजावे लागतात.