आमची वाटचाल : जॉब सोडणारे आणि जॉब सांभाळणारे

आमची कंपनी मुळात इतरांचे बिल्ड आणि टेस्टचे सर्व्हर सांभाळायची. ती वर्षं बरी गेली, त्याबद्दल फार लिहीत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एमसीपी, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायचं प्रोटोकॉल, जाहीर केलं, पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं क्लॉड कोड आलं, स्वतः कोड लिहिणारा एजंट. एजंट किती सुंदर कोड लिहितो हे जो तो बघत होता. माझ्या भागीदाराने मात्र विचारलं, "हा तासभर चालला, तर तोवर टूल-कॉलचं काय होणार?"

आमचं सगळं प्रॉडक्ट त्या एका प्रश्नातून निघालं. टूल-कॉल केला, म्हणजे मॉडेलने एखादं टूल वापरायला घेतलं, की क्लायंट (मॉडेलच्या वतीने टूलशी बोलणारा प्रोग्राम) उत्तराची वाट बघत बसतो आणि वेळ संपली की टाइमआउट देऊन मोकळा होतो. जुनं मॉड्यूल नव्या लायब्ररीवर न्यायचं काम तेवढ्यात होत नाही. म्हणून आम्ही चार टूल्स केली: सुरू करा, स्थिती सांगा, लॉग दाखवा, थांबवा. 'सुरू करा' जॉबचा, म्हणजे एजंटला दिलेल्या एका कामाचा, क्रमांक देऊन लगेच परत येतं आणि एजंट मागे वेगळ्या प्रोसेसमध्ये काम करत राहतो. प्रत्येक जॉबला स्वतःची गिट वर्कट्री, म्हणजे कोडच्या फाइल्सची वेगळी प्रत, त्यामुळे दोन एजंट एकाच फाइलवर तुटून पडत नाहीत. तेव्हा लोक म्हणायचे, यात काय विशेष, कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावला की ती मागे चालते, झालं! असं म्हणणाऱ्याने अडकलेला जॉब कधी निस्तरलेला नसतो.

आमची पहिली पक्की ग्राहक म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी. त्यांच्या तांत्रिक प्रमुख मॅडम डेमोला बसल्या. जॉब सुरू कसा होतो यात त्यांना रस नव्हता. एजंटने टेस्टसाठी सर्व्हर उठवला, हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) ब्राउझर उघडला आणि त्या म्हणाल्या, "आता थांबवा." आम्ही थांबवलं. त्यांनी टर्मिनल स्वतःकडे घेतलं, चालू प्रोसेसची यादी काढली, मग तो सर्व्हर वापरत होता तो पोर्ट तपासला. मागे काही उरलं नव्हतं. माझ्या भागीदाराने प्रत्येक जॉब सेटसिड या सिस्टिमच्या सोयीने वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये टाकला होता, म्हणजे त्याने उठवलेलं सगळं एका गटात. थांबवताना आधी अख्ख्या ग्रुपला सिगटर्म (थांबण्याची सूचना), आवरायला थोडी सवड, तरी कोणी उरलं तर सिगकिल (सक्तीने बंद). नुसत्या एजंटला मारलं, तर त्याने उठवलेला सर्व्हर पोर्ट अडवून बसतो आणि पुढचा जॉब काही कारण नसताना पडतो. मॅडमनी त्याच बैठकीत होकार दिला.

मग आमच्या धंद्यात आणखी एक कंपनी उतरली. नाव घेत नाही. त्यांनी आमच्यासारखीच चार टूल्स आणली, तीही फुकट. स्पर्धेला आमची हरकत नव्हती. पण टूलचं वर्णन हा त्या टूलचा जीव असतो. मॉडेल तेच वाचून कधी काय वापरायचं ते ठरवतं. 'स्थिती सांगा'च्या वर्णनात आम्ही लिहिलं होतं की उत्तरात दिलेला अवधी उलटल्याशिवाय पुन्हा विचारू नका, नाहीतर मॉडेल सारखं विचारत राहतं आणि त्याचा काँटेक्स्ट, म्हणजे एका वेळी समोर ठेवता येणारा मजकूर, स्थितीच्या उत्तरांनीच भरतो. हे वाक्य आम्ही कितीतरी वेळा घासूनपुसून बसवलं होतं. त्यांच्याकडे ते जसंच्या तसं होतं. एवढंच कशाला, आमच्या जुन्या आवृत्तीसाठी ठेवलेला एक पॅरामीटर त्यांनी उचलला होता, ज्याला त्यांच्याकडे काही कामच नव्हतं!

आमचा सगळ्यात मोठा ग्राहक त्यांच्याकडे गेला. कारण दिलं, "तुमचं हळू चालतं." हळू चालत होतं हे खरं आहे, कारण एजंट थांबल्यावर आम्ही स्वतः टेस्ट चालवायचो, डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) बघायचो आणि मगच 'पूर्ण' म्हणायचो. त्यांच्याकडे एक्झिट कोड शून्य आला, म्हणजे प्रोसेस चूक न सांगता संपली, की 'पूर्ण'. पण एजंट "टेस्ट चालवता आल्या नाहीत" असं लिहूनही शून्य देऊन बाहेर पडू शकतो! प्रोसेस नीट संपणं वेगळं आणि काम होणं वेगळं. हे त्या ग्राहकाला आम्ही लेखी कळवलं होतं, त्याचं उत्तरही आलं नाही.

पगार थकले. भागीदाराने स्वतःचा पगार घेणं थांबवलं आणि तरी रोज येऊन क्लीनअपचा कोड लिहीत राहिला. मॅडमनाही तिकडून फुकटचा प्रस्ताव आला होता. त्या म्हणाल्या, "सकाळी आल्यावर मला खोटं 'पूर्ण' बघायचं नाही," आणि पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. त्यावर आम्ही तगलो. गेलेला ग्राहक परत आला नाही.

जे स्वतः असं टूल बांधताहेत त्यांना सांगतो. तुमचा एमसीपी सर्व्हर एसटीडीआयओवर, म्हणजे प्रोग्रामच्या साध्या इनपुट-आउटपुटवरून, बोलत असेल तर एसटीडीआउटवर प्रोटोकॉलच्या संदेशांखेरीज एक अक्षर जाऊ देऊ नका. तुमचे लॉग एसटीडीईआरआर या चुका दाखवायच्या वेगळ्या वाटेवर, एजंटचं आउटपुट फाइलमध्ये. जॉबची नोंद डिस्कवर ठेवा, कारण असा सर्व्हर क्लायंटच उठवतो आणि क्लायंट बंद झाला की तोही जातो. बॅकग्राउंडला चाललेल्या एजंटने परवानगी मागितली तर उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. तो मुकाट थांबून राहू शकतो आणि स्थिती 'चालू' दिसत राहते. म्हणून कोणत्या कमांड चालतील ते आधी ठरवून द्या. वैतागून सगळ्या परवानग्या उघड्या टाकू नका. आणि मुख्य ब्रांचवर, म्हणजे सगळ्यांच्या मूळ कोडमध्ये, पुश करण्याचा हक्क एजंटला देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

नोव्हेंबर 2025 च्या एमसीपी आवृत्तीत 'टास्क्स' प्रायोगिक म्हणून आले: आधी क्रमांक घ्या, स्थिती नंतर विचारा, आणि उत्तरात यातली एक अवस्था: चालू, विचारणाऱ्याकडून काही हवं आहे, पूर्ण, अयशस्वी, रद्द. आमच्या पहिल्या आराखड्यात याच अवस्था होत्या. ती दुसरी कंपनी आता सांगत फिरते की ही कल्पना आधी त्यांचीच. भागीदार म्हणतो, सोडून दे. माझ्याच्याने होत नाही. सध्या आम्ही टास्क्सचा आधार जोडतो आहोत. जुनी चार टूल्सही ठेवणार, कारण प्रत्येक क्लायंटला टास्क्स कळत नाहीत, आणि मॅडमचे रात्रीचे जॉब त्या चारांवरच चालतात.