तिसऱ्या सहीची जागा

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचं काम म्हणजे परदेशी पाहुणे आणि हस्तांदोलनाचे फोटो, असं बाहेर वाटतं. प्रत्यक्षात दिवस जातो तो पत्रांमागे, विम्याच्या कागदांमागे आणि मुदत संपत आलेल्या करारांमागे. सामंजस्य करार साधारण 5 वर्षांचा असतो. त्यातले कितीतरी एकही विद्यार्थी न जाता-येता संपतात, पण सही झाल्याची बातमी मात्र दर वेळी छापून येते.

मूल्यांकन समिती येणार म्हणून मला आमच्या आंतरराष्ट्रीय वाटचालीतल्या टप्प्यांची यादी करायला सांगितलं होतं. पहिला करार, पहिलं शिष्टमंडळ, पहिला संयुक्त अभ्यासक्रम, सगळं सनावळीनुसार. ‘देवाणघेवाणीवर गेलेली पहिली विद्यार्थिनी’ या ओळीशेजारी तिचा निघतानाचा फोटो लावायचा होता. परवानगीसाठी मी तिला फोन केला. तिच्या व्हिसाच्या पत्रापासून सगळं मीच पाहिलं होतं, त्यामुळे बोलायला आनंदच वाटत होता.

ती म्हणाली, “सर, फोटो खुशाल लावा. पण माझं ते सत्र तुमच्याकडे अजून पूर्ण धरलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक नव्हतं. ती सुखरूप परतली तेव्हा माझ्या लेखी फाईल बंद झाली होती.

दुपारी अभिलेख कक्षातून ती फाईल काढून आणली. युरोपातल्या विद्यापीठात एका सत्राचे 30 श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. विद्यार्थी जाण्याआधीच तिथे कोणते विषय घेणार आणि परतल्यावर इथे ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, याचा अध्ययन करार होतो. त्यावर विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि स्वीकारणाऱ्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. तिच्या करारावर 6 श्रेयांकांचे पाच विषय होते आणि तिन्ही सह्या होत्या.

पण तिथे पोचल्यावर दोन विषयांचे तास एकमेकांवर आले आणि तिसरा विषय त्या सत्रात शिकवलाच जाणार नव्हता. असं नेहमी होतं, म्हणून तर बदलाचा वेगळा नमुना असतो. तिने तासांचा घोळ असलेल्यांपैकी एक आणि तो न शिकवला जाणारा असे दोन विषय बदलले, नमुना भरला, तिथल्या समन्वयकांची सही घेतली आणि वेळेत आमच्याकडे पाठवला. तो कागद फाईलमध्येच होता. दोन सह्या होत्या, तिसरी जागा कोरी. वर टाचणीने लावलेली चिठ्ठी: ‘विभागप्रमुख रजेवर. आल्यावर सादर करावे.’ खाली आद्याक्षरं माझी.

पुढचं पान विभागाचं. ‘बदललेल्या विषयांस पूर्वमान्यता नाही, सबब श्रेयांक देता येत नाहीत.’ तिने दोन्ही विषयांत चांगली श्रेणी मिळवली होती. 30 पैकी 18 श्रेयांक धरले गेले आणि उरलेल्यांसाठी तिने इथे आणखी एक सत्र काढलं.

या शेऱ्याचा मला फार राग येतो. आमच्याकडे परक्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आला की घटकाला घटक लावून पाहतात आणि एखादा घटक जुळला नाही की नकार देतात. विद्यार्थ्याला शेवटी काय येतं, हे कुणी बघतच नाही. परदेशातल्या शिक्षणाला मान्यता देण्याविषयीच्या 1997च्या लिस्बन करारात तत्त्व अगदी स्पष्ट आहे: मान्यता नाकारायची तर दोन शिक्षणांत ठळक फरक असला पाहिजे आणि तो दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची. आमच्यावर तो करार बंधनकारक नसेल, पण त्यातला न्याय कळायला बंधन कशाला हवं?

सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन 1958मध्ये रोमला परतली, तर तिथल्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. त्या नकाराचा पिच्छा तिने पुढे वर्षानुवर्षं पुरवला. 1987मध्ये युरोपातल्या विद्यापीठांमधली विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. आज तिला ‘इरॅस्मसची आई’ म्हणतात. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना अभिमानाने सांगत आलो, आणि माझ्याच कपाटात तसाच नकार पडून होता.

संध्याकाळी परीक्षा विभागात गेलो. जाहीर झालेला निकाल आता उघडता येणार नाही, फार तर विषय विद्या परिषदेपुढे ठेवा, असं उत्तर मिळालं. रात्री बसून टिपणी लिहिली. चिठ्ठी माझी होती, विभागप्रमुख रुजू झाल्यावर कागद पुन्हा पुढे ठेवायचा माझ्याकडून राहिला, हे त्यात पहिल्या परिच्छेदातच घातलं. यादीतून ती ओळ आणि फोटो सध्या काढून ठेवला. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. यादीतला सर्वांत चांगला फोटो तोच होता, असं ते म्हणाले, आणि खरंच तो चांगला आहे.

तिला पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. परिषद काय ठरवेल याची हमी देता येणार नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

“म्हणजे मी पाठवलेला तो कागद पोचला होता,” ती म्हणाली. “विभागात मला सांगितलं होतं, की तो आलाच नाही.”

तिने त्याची प्रत मागितली. मी चिठ्ठी न काढता कागद स्कॅन केला आणि तिला पाठवला.